मीटरच्या काचेवरचे चरे

आमच्याकडे २००८ सालची मारुती ८०० आहे आणि ती प्रामुख्याने आई चालवते. गेल्या मार्च महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही दोघी हडपसरहून दिवे घाटाच्या दिशेने, सासवडला मावशीकडे निघालो होतो. सूर्य पाठीमागे होता आणि मागच्या काचेतून आलेले ऊन थेट डॅशबोर्डवर पडत होते. आईने गाडी हळू केली आणि म्हणाली, "अगं, जरा वाकून बघ, पेट्रोल किती आहे? मला नुसते पांढरे दिसते आहे." मी तिच्या खांद्यापाशी डोके नेऊन पाहिले, तेव्हा मीटरवरच्या पारदर्शक झाकणावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक गोल रेघांची जाळी उजळलेली दिसली, आणि त्या उजेडामागे पेट्रोलचा काटा खरोखरच हरवला होता.

या गाडीचे टायर, ब्रेक, बॅटरी यांकडे आम्ही काटेकोर लक्ष देतो. पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले, तेव्हाही लहानसहान दुरुस्त्या मन लावून केल्या. तरीही आई ज्या एका वस्तूकडे गाडी चालवताना दर मिनिटाला पाहते, ती वस्तू इतकी धूसर झाली आहे हे मला इतक्या वर्षांत जाणवले नव्हते. ती सवयीने डोके थोडे डावीकडे कलवून काटा वाचत असे. त्या संध्याकाळी मला याचे फार वाईट वाटले आणि पुढचा महिनाभर मी या विषयाच्या मागे लागले.

सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे आपण सगळे जिला 'मीटरची काच' म्हणतो ती काच नसते. ते प्लास्टिक असते, बहुतेक वेळा ॲक्रिलिक आणि काही गाड्यांमध्ये पॉलिकार्बोनेट. माझ्या मते अर्धे नुकसान या एका शब्दामुळे होते, कारण काच म्हटले की आपण ती काचेसारखीच पुसतो. खऱ्या काचेची कठीणता मोज मापनश्रेणीवर (कठीणतेच्या एक ते दहा अशा मापावर) साडेपाच ते सहाच्या आसपास असते, तर ॲक्रिलिकची जेमतेम तीनच्या आसपास. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात आणि त्यांची कठीणता सात असते. असे कण कोरड्या फडक्याखाली सापडले की ते फडके राहत नाही, अतिशय बारीक पॉलिश पेपर होते.

आमच्या गाडीत असे फडके होतेच. पेट्रोल पंपाबाहेर आणि सिग्नलवर मिळणारे ते मऊ पिवळे फडके बहुतेक गाड्यांच्या दाराच्या कप्प्यात सापडेल. हाताला ते इतके मऊ लागते की त्याने काही बिघडेल अशी शंकाही येत नाही. पण त्याच फडक्याने आधी बॉनेट, मग आरसे आणि शेवटी आतले मीटर पुसले जात असे, तेही गोल गोल हात फिरवून. मी ते फडके उजेडात धरून झटकले तेव्हा त्यातून उडालेली धूळ पाहूनच त्या जाळीचा उगम कळला. खरे तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाच्या दिशेला आडवे असतील तेवढेच चमकतात. म्हणून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ते वर्तुळाकार फिरत असल्यासारखे दिसतात आणि डोळा किंचित हलवला की वर्तुळही हलते.

कामाला लागण्यापूर्वी प्लास्टिक नेमके कोणते हे कळले तर बरे असते. सुट्या काढलेल्या भागाच्या आतल्या कडेला कधीकधी बारीक उठावाच्या अक्षरांत ॲक्रिलिकसाठी 'पीएमएमए' आणि पॉलिकार्बोनेटसाठी 'पीसी' अशी खूण असते. आमचे मीटर मी बाहेर काढले नाही आणि बाहेरून तशी खूण दिसली नाही, त्यामुळे दोन्हींना चालेल तेवढेच वापरायचे असे मी ठरवले. दोघांचे स्वभाव मात्र वेगळे आहेत. ॲक्रिलिक ताठ आणि ठिसूळ असते, पण घासून पुन्हा चकचकीत करणे सोपे जाते. पॉलिकार्बोनेट फुटता फुटत नाही, म्हणूनच हेल्मेटच्या काचा आणि हेडलाइटची झाकणे त्याची करतात. पण त्याचा पृष्ठभाग मऊ असतो, म्हणून त्यावर सहसा एक कठीण लेप दिलेला असतो. तो लेप घासून गेला की पुढचे चरे आणखी लवकर पडतात.

कोणताही डाग दिसला की आपला हात लगेच घासायला जातो. त्याऐवजी तो डाग प्लास्टिकच्या वर बसला आहे, प्लास्टिकमध्ये कोरला गेला आहे की प्लास्टिकच्या आत आहे, हे आधी ठरवावे, कारण तिन्हींचा उपाय वेगळा आहे आणि तिसऱ्याला तर उपायच नाही. मी त्यासाठी एक साधी परीक्षा केली आणि ती मला या सगळ्या खटाटोपातील सर्वांत समाधान देणारी गोष्ट वाटते. झाकण स्वच्छ केल्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब जाळीवर पसरवला आणि मोबाइलची विजेरी तिरकी धरली. जेथे पाणी होते तेथली जाळी जवळजवळ नाहीशी झाली आणि थेंबाच्या कडेबाहेर ती तशीच होती, जणू धुक्यात कोणी लहानशी खिडकी उघडली आहे. याचे कारण असे की चरा दिसतो तो त्याच्या खडबडीत कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचा आकडा, १.४९ आहे, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३. चऱ्यात हवेऐवजी पाणी भरले की दोन माध्यमांमधला फरक कमी होतो आणि विखुरणेही कमी होते. जो दोष ओला केल्यावर दिसेनासा होतो तो पृष्ठभागावरचा उथळ दोष असतो आणि पॉलिशने तो बहुधा जातो. ओला करूनही जसाच्या तसा दिसणारा चरा खोल असतो, आणि त्यावरून हलकेच नख फिरवले तर ते अडखळते.

नुसते वर बसलेले डाग काढणे सोपे असते, पण तेथेही क्रम महत्त्वाचा आहे. आधी कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळणाऱ्या रबरी फुंकणीने धूळ उडवावी आणि कडेच्या फटींतली धूळ रंगकामाच्या मऊ, कोऱ्या ब्रशने मोकळी करावी. मग मायक्रोफायबरचे स्वच्छ कापड साबणाच्या पाण्यात भिजवून, पिळून, दाब न देता फिरवावे. साबण म्हणजे वाटीभर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब, त्याहून अधिक नको. पाणी झाकणावर थेट फवारू नये, कारण ते खालच्या कडेच्या फटीतून आत उतरते आणि आत विजेचे सर्किट असते. पाण्याबाबत आणखी एक गोष्ट: आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी येते आणि ते इतके जड आहे की नुसते वाळले तरी पांढरे ठिपके सोडते. म्हणून मी शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने फिरवला. ते बऱ्याच पंपांवर मिळते. फक्त बाटलीवर नीट वाचून पाणीच घ्यावे, तेथेच ॲसिडचीही बाटली ठेवलेली असते. आधीच पडलेल्या क्षारांच्या ठिपक्यांवर पांढरे व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून कापसाने मिनिटभर ठेवले आणि पुसून घेतले, तेव्हा ते सुटले.

गणपतीची छोटी मूर्ती चिकटवलेल्या दुहेरी टेपचा डिंक काठाशी राहिला होता. त्यावर खोबरेल तेलाचे बोट ठेवून अर्धा तास वाट पाहिली आणि मग तो बोटानेच गोळा होऊन आला. येथे घाई करून थिनर किंवा नेलपेंट काढण्याचे द्रव कधीही वापरू नये. नेलपेंट काढण्याच्या द्रवात बहुधा ॲसिटोन असते आणि ॲक्रिलिक त्यात अक्षरशः विरघळते. पेट्रोलनेही त्याला तडे जातात. खिडक्या पुसण्याच्या द्रवांमध्ये काही वेळा अमोनिया किंवा अल्कोहोल असते. पॉलिकार्बोनेटला अमोनिया सोसत नाही आणि ॲक्रिलिकला अल्कोहोल सोसत नाही.

अल्कोहोलचा धडा आम्ही स्वतः घेतला आहे. २०२० मध्ये टाळेबंदी शिथिल झाल्यावर आई बाहेरून आली की स्टिअरिंगवर आणि गिअरच्या दांड्यावर सॅनिटायझर फवारत असे. त्या दिवसांत ते अगदी योग्य होते आणि आजही मी तसेच करीन. पण त्याचे तुषार मीटरवरही उडत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेल्या सॅनिटायझरमध्ये ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. साच्यात ओतून घडवलेल्या प्लास्टिकमध्ये थंड होताना ताण अडकून राहिलेला असतो. अल्कोहोल लागले की तो ताण मोकळा होतो आणि आत केसाहून बारीक भेगा उघडतात. वेगाच्या तबकडीच्या खालच्या भागात आमच्याकडे असे तीन ठिपके आहेत. विजेरी तिरकी धरली की त्यांच्यात बारीक रुपेरी सुया एकदम लखलखतात आणि कोन बदलला की विझतात. या भेगा खाली उतरलेल्या असतात, त्यामुळे वरचा थर घासून त्या जात नाहीत, उलट पॉलिशमधला द्रव भेगांत शिरून त्या वाढण्याची भीती असते. मी ते तीन ठिपके तसेच ठेवले. मुंबईची बहीण म्हणाली, "अगं ताई, थोडे घासून तरी बघ," पण काही दोष हात न लावता सोडून देणे हाही कामाचाच भाग आहे असे मला वाटते.

आता ओरखड्यांकडे. ओरखडा कधीही 'भरून' येत नाही. त्याच्या आजूबाजूचे प्लास्टिक त्याच्या तळापर्यंत खाली आणावे लागते. एवढे लक्षात ठेवले की बाजारातल्या अर्ध्या बाटल्यांचा मोह सुटतो. सिलिकॉन किंवा मेण असलेली द्रवे चरे भरतात आणि काही दिवस छान दिसते, पण दोन-चार वेळा पुसले की जाळी परत येते. खरे पॉलिश म्हणजे अतिशय बारीक, एकसारख्या आकाराच्या कणांची मलई. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). उरलेल्या रेघा त्याहून लहान झाल्या की डोळ्याला पृष्ठभाग गुळगुळीतच दिसतो. प्रवासी विमानांच्या खिडक्याही ॲक्रिलिकच्याच असतात आणि त्या अशाच टप्प्याटप्प्याने घासून पुन्हा पारदर्शक करतात. त्यासाठी केलेले पॉलिश आणि अतिसूक्ष्म घासकापडे आता आपल्याकडेही मागवता येतात.

टूथपेस्टचा उपाय मला किमान पाच जणांनी सुचवला. त्याचे मूळ बहुधा जुन्या मनगटी घड्याळांत असावे. आजोबांच्या किल्लीच्या एचएमटी घड्याळाची काचही ॲक्रिलिकचीच होती आणि ते ती बोटावर टूथपेस्ट घेऊन चकचकीत करत, हे मी लहानपणी पाहिले आहे. उपाय खोटा नाही. पण टूथपेस्टमधले कण दातांसाठी निवडलेले असतात, त्यांचा आकार नळीवर छापलेला नसतो आणि प्रत्येक टूथपेस्टमध्ये तो वेगळा असतो. रुपयाएवढ्या घड्याळाच्या काचेवर जे खपून जाते ते हातभर रुंद मीटरवर धुरकट पट्टा होऊन दिसते. मी ती वापरली नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी सात वाजता, गाडी सावलीत असताना, मी कामाला बसले. वेळ मुद्दाम निवडली होती: उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतो, अशा वेळी पॉलिश लावताच वाळते, आणि ॲक्रिलिक साधारण १०५ अंशांना मऊ होऊ लागते. याच कारणासाठी ड्रिलला बफ, म्हणजे पॉलिशची मऊ चकती, लावून हे काम करू नये. घर्षणाची उष्णता एका जागी साठते आणि क्षणात त्या जागी लाट उमटते. हाताला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावा. झाकणाच्या चारही कडांना रंगाऱ्यांची कागदी टेप लावली, म्हणजे काळ्या डॅशबोर्डच्या रवाळ प्लास्टिकमध्ये पांढरे पॉलिश अडकत नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यात, जेथे तबकडीही नाही आणि अंकही नाही, तेथे आधी करून पाहिले आणि दहा मिनिटे थांबले.

कापडाची चौपदरी घडी, त्यावर वाटाण्याएवढे पॉलिश, दोन बोटांचा बेताचा दाब. गोल न फिरवता आधी वर-खाली आणि मग डावी-उजवीकडे सरळ हात, प्रत्येक वेळी पोस्टाच्या दोन-तीन तिकिटांएवढीच जागा. सरळ हाताचा फायदा हा की आधीच्या फेरीच्या रेघा नव्या फेरीच्या आडव्या असतात, त्यामुळे त्या गेल्या की नाहीत हे स्पष्ट दिसते. पहिल्या फेरीनंतर झाकण आधीपेक्षाही धूसर वाटले आणि मला क्षणभर घाम फुटला. ते वाळलेले पॉलिश होते. डिस्टिल्ड पाण्याच्या ओल्या कापडाने पुसल्यावर खाली वेगाच्या तबकडीतले आकडे असे स्वच्छ दिसले की मी आईला हाक मारून खाली बोलावले. पूर्ण झाकणाला चार फेऱ्या लागल्या, प्रत्येक फेरीला कापडाची नवी बाजू.

नख अडखळणारे दोन चरे मात्र यानेही हलले नाहीत. त्यांच्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर आणले होते. २००० नंबरच्या कागदाचा कण साधारण दहा मायक्रॉनचा असतो. म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाएवढा. तो कागद पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून, खोडरबराभोवती गुंडाळून, सतत ओला ठेवून चालवला. येथे खरी जोखीम आहे. पारदर्शक पृष्ठभाग जाणूनबुजून पांढरा करावा लागतो, आणि हाताला हे सोपे जात नाही. शिवाय फक्त चऱ्यावरच घासत राहिले तर तेथे उथळ खळगा होतो, तो भिंगासारखा वागतो आणि त्याच्यामागचा काटा वाकडा दिसतो. म्हणून चऱ्याच्या दोन्ही बाजूंना चांगली दोन बोटे जागा घ्यावी. एक चरा पेट्रोलच्या मीटरवर होता, तो पूर्ण गेला. दुसरा ६० च्या आकड्यावरून तिरका जात होता. तो निम्मा पुसट झाल्यावर मी थांबले, कारण आणखी खाली गेले असते तर आकडा डुलताना दिसला असता, आणि आईला वाचायचा आहे तो आकडा, चरा नव्हे.

गाडीतल्या प्रत्येक पारदर्शक वस्तूला ही पद्धत लागू होत नाही, हे येथे सांगायला हवे. टचस्क्रीनवर आणि नव्या गाड्यांच्या मंद, न चमकणाऱ्या मीटरवर चकाकीरोधक लेप असतो. तेथे पॉलिश फिरवले तर तेवढाच भाग चकचकीत होऊन कायमचा वेगळा दिसतो. छतावरच्या दिव्याचे पिवळे पडलेले झाकण घासून पांढरे होत नाही, कारण ऊन आणि उष्णतेने आलेला पिवळेपणा केवळ वरवरचा नसतो. जीपच्या कापडी हुडातली पारदर्शक खिडकी तर मऊ पीव्हीसीची असते आणि तिला कागद लावण्याचा विचारही करू नये. आमच्या गाडीत एअरबॅग नाही. ज्यांच्या स्टिअरिंगमध्ये ती आहे त्यांनी मीटर सुटे करायचे असेल तर ते जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. मला विचाराल तर सुटे करूच नये. काट्यांना चुकून धक्का लागला तर ते खोटे दाखवू लागतात, आणि धूसर पण खरे मीटर स्वच्छ पण खोट्या मीटरपेक्षा केव्हाही चांगले.

दहा वाजता टेप काढली. फटींत राहिलेली पॉलिशची पांढरी रेघ जुन्या दात घासण्याच्या मऊ ब्रशने झाडली आणि शेवटी कापड ओलसर ठेवूनच एक हात फिरवला. कोरडे घासले की ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि ते आजूबाजूची धूळ स्वतःकडे ओढून घेते. तासाभरात पुन्हा पुसावेसे वाटते आणि पुन्हा चरे पडतात. पिवळे फडके आता डिकीत, स्टेपनीपाशी असते. मीटरचे निळे मायक्रोफायबरचे कापड झाकणाच्या डब्यात ठेवून तो डबा पुढच्या कप्प्यात ठेवला आहे आणि आईने त्यावर पेनाने 'फक्त मीटर' असे लिहिले आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच वेळी, त्याच रस्त्याने निघालो. हडपसर मागे पडल्यावर ऊन पाठीमागून आत आले आणि डॅशबोर्डवर पसरले. ६० च्या आकड्यावरची पुसट रेघ चमकली, खालचे तीन ठिपकेही चमकले, बाकी सगळे मीटर स्वच्छ होते. आईने मान न कलवता समोर पाहिले आणि म्हणाली, "पाव टाकीच्या खाली आहे. घाटाआधी पंपावर घेते."